दोष रक्ताचा की व्यवस्थेचा?

वणी तालुक्यातील राजूर हे कोळशाच्या खाणींचे आणि चुन्याच्या भट्ट्यांचे गाव. अशा गावातील श्रमिकाला दमा वा मधुमेह जडला की दोन उत्तरे तयार असतात. पहिले, ‘घराण्यातच आहे’; दुसरे, ‘जीवनशैली सुधारा’. एकात दोष त्याच्या रक्ताचा, दुसऱ्यात त्याच्या वर्तनाचा! धूळ, पाणी, पाळी आणि मजुरी यांची चौकशी मात्र होत नाही.

विज्ञान या सोयीस्कर निवाड्याला दुजोरा देत नाही. जनुके तीच राहूनही त्यांचे कार्य परिस्थितीनुसार कमीअधिक होते. १९४४-४५च्या हिवाळ्यात नाझींनी हॉलंडची अन्नकोंडी केली. त्या उपासमारीत ज्यांची गर्भधारणा झाली, त्यांच्या वाढीशी निगडित एका जनुकावरील रासायनिक खुणा सहा दशकांनंतरही सख्ख्या भावंडांहून निराळ्या आढळल्या.

पुरावा महाराष्ट्रातही आहे. डॉ. चित्तरंजन याज्ञिक व सहकाऱ्यांनी १९९३ साली पुण्याजवळच्या सहा खेड्यांत आरंभिलेल्या अभ्यासात नवजात बालकांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो भरले. इंग्लंडातील साउदॅम्प्टनच्या बालकांचे ३.५ किलो. शरीर कृश, परंतु चरबी त्यामानाने अधिक. मधुमेहाची पूर्वतयारी जणू गर्भातच झालेली! मातेच्या आहारातील पालेभाज्या, फळे व दूध यांचा, तसेच तिच्या कष्टांचा बालकाच्या वाढीशी संबंध दिसून आला. शेतात राबणाऱ्या त्या गर्भवतीने ही ‘शैली’ आवडीने निवडली होती काय?

विदर्भातील सिकलसेल ही तर निखळ आनुवंशिक व्याधी. परंतु तिच्यातील वेदनांचे झटकेही शरीरातील पाणी घटल्याने, अतिश्रमाने व संसर्गाने ओढवतात. जनुक आईबापांनी दिले. तहान कोणी दिली?

उत्पादनाचा जो खर्च मालकाच्या हिशेबवहीत चढत नाही, तो श्रमिकाच्या फुप्फुसांतून व मातेच्या उदरातून वसूल होतो आणि त्याचे व्याज पुढची पिढी फेडते. तंबाखू व दारू सोडावी, हे खरेच. परंतु उपदेश हा न्यायाचा पर्याय नव्हे. धुळीचे नियमित मोजमाप व त्याचे जाहीर आकडे, कंत्राटी मजुरासह सर्वांची आरोग्यतपासणी, स्वच्छ पाणी, गर्भवतीला सकस आहार व भरपगारी विश्रांती या मागण्या दयेच्या नव्हेत, हक्काच्या आहेत. जनुके बदलणे कोणाच्या हाती नसेल. ती ज्या परिस्थितीत राबतात ती बदलणे मात्र संघटित श्रमिकांच्या हाती निश्चित आहे.