शिट्टी वाजण्याआधीचा डाव

सुपरहीरो म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर काय येतं? आकाशात उडणं, इमारती पडणं आणि शेवटच्या अर्ध्या तासात जग वाचवणं. पण जपानी अॅनिमेमध्ये एक असं घराणं आहे, जे जगावर आलेलं संकट थेट कुस्तीच्या रिंगमध्ये सोडवतं. 'किन्निकुमान' हे त्याचं नाव. युदेतामागो या टोपणनावाने काम करणाऱ्या दोन मित्रांनी १९७९मध्ये ही मांगा सुरू केली. ती १९८७पर्यंत चालली, १९८३मध्ये तिच्यावर अॅनिमे आली आणि २००२मध्ये पुढच्या पिढीची गोष्ट सांगणारी दुसरी मालिका आली. अमेरिकेत ती 'अल्टिमेट मसल' या नावाने दाखवली गेली. जुलै २०२४मध्ये मूळ कथेचा पुढचा भाग नव्या अॅनिमेच्या रूपात पुन्हा पडद्यावर आला. म्हणजे ज्यांच्या आईवडिलांच्या लहानपणी ही गोष्ट सुरू झाली, ती मुलं आज तिचे नवे एपिसोड बघतायत.

आज मात्र आपल्याला हीरोबद्दल बोलायचं नाहीये. बोलायचंय ते 'अल्टिमेट मसल'मधल्या एका सुटाबुटातल्या माणसाबद्दल. इंग्रजी आवृत्तीत त्याचं नाव व्हान्स मॅकमॅड. तो कुस्ती खेळत नाही, पंच म्हणून शिट्टीही वाजवत नाही. तो कमिशनर आहे. स्पर्धा भरवणं, नियम जाहीर करणं, कोण आत आणि कोण बाहेर हे ठरवणं हे त्याचं काम. आणि त्याला हीरो, म्हणजे किड मसल, अजिबात आवडत नाही. हे तो लपवतही नाही. किड मसल हरावा म्हणून तो उघड उघड देव पाण्यात ठेवून बसलेला असतो.

तुम्ही डब्ल्यूडब्ल्यूई बघत मोठे झाला असाल, तर हे नाव कुठून आलं हे सांगायची गरज नाही. ९ नोव्हेंबर १९९७, माँट्रियल. ब्रेट हार्ट हा कॅनडाचा लाडका पैलवान कंपनी सोडून दुसरीकडे निघालेला. कमरेला अजून चॅम्पियनचा पट्टा. शॉन मायकल्सने त्याला त्याच्याच डावात पकडलं. हार्टने हार मानली नव्हती, तरी रिंगशेजारी उभ्या असलेल्या मालकाने, व्हिन्स मॅकमॅनने, घंटा वाजवायला लावली. सामना संपला! निकाल आधीच ठरलेल्या त्या खेळातसुद्धा हार्टला जे सांगितलं होतं, त्याच्या उलट घडलं. त्या रात्रीनंतर मॅकमॅनने स्वतःलाच खलनायक म्हणून विकायला घेतलं आणि 'पक्षपाती बॉस' हे पात्र जगभर तुफान चाललं. पाच वर्षांनी आलेल्या कार्टूनमध्ये मॅकमॅड दिसतो, तो याच लाटेवर.

हसण्यापुरतं हे सगळं ठीक आहे. पण या पात्रात एक गोष्ट फार बरोबर पकडलीये आणि तिकडे आपलं लक्ष जात नाही. आपण पक्षपात म्हटलं की पंचाकडे बघतो. त्याने पॉइंट दिला का, खांदे टेकलेले नसताना चितपट दिलं का, वगैरे. मॅकमॅड मात्र मॅटवर पायच ठेवत नाही. त्याचा डाव शिट्टी वाजण्याआधीच सुरू होतो. खरा पक्षपात बहुतेक वेळा तिथेच राहतो.

पिशवीतला चेंडू

तुम्हाला वाटेल, हे कार्टूनमध्ये ठीक, खऱ्या कुस्तीत कुठे असतं असं? किन्निकुमानच्या जगात सुपरहीरोंचं ऑलिम्पिक भरतं आणि त्याच्या पात्रता फेऱ्यांत कुस्तीशी काडीचाही संबंध नसलेल्या शर्यती असतात. बघताना हसू येतं. आता खऱ्या ऑलिम्पिककडे या. २००५ ते २०१२ या काळात फ्रीस्टाइल कुस्तीत दोन-दोन मिनिटांच्या फेऱ्या असायच्या आणि प्रत्येक फेरीचा हिशोब वेगळा. फेरीत कुणालाच गुण मिळाला नाही, तर पिशवीतून रंगीत चेंडू काढायचे. ज्याचा रंग निघेल त्याला समोरच्याचा पाय धरून सुरुवात करायला मिळायची. आणि धरलेल्या पायाचा बहुतेक वेळा गुण व्हायचाच. चार वर्षं घाम गाळलेल्या पैलवानाचं नशीब पिशवीतल्या चेंडूवर! यात कुणीही लबाडी केली नव्हती. पंच प्रामाणिक, चेंडू प्रामाणिक, फक्त नियमच तिरका.

त्याची किंमत या खेळाने मोजली. फेब्रुवारी २०१३मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीच्या कार्यकारी मंडळाने २०२०च्या ऑलिम्पिकमधून कुस्तीला वगळण्याची शिफारस केली. लोकांना कळत नाहीत असे नियम हाही तक्रारींमधला एक मुद्दा होता. जागतिक संघटनेचे अध्यक्ष पायउतार झाले, नवे आले, नियम बदलले. तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्या आणि सगळे गुण एकत्र मोजायचे, असं ठरलं. सप्टेंबर २०१३मध्ये कुस्ती परत आली. म्हणजे नियम ही दगडावरची रेघ नसते. नियम माणसं करतात आणि दबाव आला की तीच माणसं ते बदलतात.

आपला माणूस असेल तर?

आता थोडा अवघड प्रश्न. मॅकमॅडचा राग आपल्याला का येतो? तो हीरोच्या विरोधात आहे म्हणून. तो हीरोच्या बाजूने झुकला असता, तर आपण त्याला 'पक्षपाती' म्हटलं असतं का?

किड मसल कोण आहे ते जरा आठवा. तो एका ग्रहाच्या राजाचा मुलगा आहे. त्याचे वडील त्या जगातले सगळ्यात मोठे पैलवान. आपल्या भाषेत सांगायचं तर अस्सल स्टारकिड. तो आळशी आहे, रडका आहे, सरावाला कंटाळतो, तरी कथा त्याच्याभोवती फिरते. आणि मॅकमॅड? मूळ मालिकेत स्पर्धा समितीचा अध्यक्ष असलेल्या हाराबोते मसलचा तो मुलगा. म्हणजे पैलवानकी घराण्यात आणि खुर्चीही घराण्यात. बाकीचे जे डझनावारी सुपरहीरो कुणाचेच कुणी नाहीत, त्यांच्यासाठी कोण ओरडणार? मालिका तो प्रश्न विचारत नाही. आपणही विचारत नाही, कारण आपला हीरो ठरलेला असतो.

हेच आपल्या देशात २०२३मध्ये घडलं. त्या वर्षी जंतरमंतरवर पैलवान बसले, संघटनेच्या अध्यक्षांवर गंभीर आरोप झाले आणि तुमच्यापैकी कित्येकांनी त्या पैलवानांच्या बाजूने स्टेटस ठेवले. त्याच जुलैमध्ये, संघटनेचा कारभार बघणाऱ्या तात्पुरत्या समितीने विनेश फोगाट आणि बजरंग पुनिया यांना आशियाई खेळांच्या निवड चाचणीतून सूट दिली. बाकी सगळ्यांनी चाचणी द्यायची, या दोघांनी नाही. ५३ किलो गटातली अंतिम पंघाल आणि ६५ किलो गटातला सुजीत कलकल दिल्ली उच्च न्यायालयात गेले. न्यायालयाने याचिका फेटाळली. अंतिमने चाचणी जिंकली, तरी तिचं नाव राखीव म्हणून राहिलं. पुढे विनेशला गुडघ्याची दुखापत झाली, अंतिम हांगचौला गेली आणि कांस्यपदक घेऊन आली.

विनेश आणि बजरंग यांचं आंदोलन खरं होतं आणि आंदोलनाच्या काळात त्यांना सराव करता आला नाही हेही खरं. सूट देणाऱ्यांकडे कारणं होती. पण अंतिमचा प्रश्नही तितकाच खरा होता : मला लढायची संधी तरी द्या! तिच्याशी कुठल्या पंचाने अन्याय केला नाही. जे झालं ते एका बैठकीत, कागदावर, मॅट अंथरण्याआधी झालं. त्या आठवड्यात तुम्ही कुणाच्या बाजूने होतात, हे एकदा स्वतःला विचारून बघा. ज्यांना तुम्ही हीरो मानता, त्यांच्या बाजूने तराजू झुकला तेव्हा तो तुम्हाला दिसला का?

दाद मागायची कुठे?

पंचाची चूक होतच नाही असंही नाही. फेब्रुवारी २०२५मध्ये अहिल्यानगरला महाराष्ट्र केसरी स्पर्धेत काय झालं ते तुम्ही मोबाइलवर पाहिलंच असेल. गादी विभागाच्या अंतिम लढतीत पृथ्वीराज मोहोळविरुद्ध शिवराज राक्षेला चितपट दिलं गेलं. माझी पाठ टेकलीच नाही, व्हिडिओ बघा, असं राक्षेचं म्हणणं. वाद वाढला आणि त्याने पंचांना लाथ मारली. पुढे किताबाच्या लढतीत महेंद्र गायकवाडही निर्णयावर चिडून निघून गेला. मोहोळ महाराष्ट्र केसरी झाला, राक्षे आणि गायकवाड यांच्यावर तीन वर्षांची बंदी आली.

लाथेचं समर्थन होऊच शकत नाही. पण त्या दिवशी सोशल मीडियावर दोनच पार्ट्या होत्या : 'पंच विकला गेला' आणि 'पैलवान माजला'. तिसरा प्रश्न फार थोड्यांनी विचारला. हजारो माणसं बघत असताना, निर्णय पटला नाही तर पैलवानाने नेमकं काय करायचं? कुणाकडे जायचं, किती वेळात, आणि उत्तर कोण देणार?

आंतरराष्ट्रीय कुस्तीने यावर एक साधा उपाय केलाय. मॅटवर एकटा पंच नसतो. तिघं असतात आणि दोघांचं एकमत लागतं. प्रशिक्षकाला निर्णय पटला नाही, तर तो मॅटवर मऊ स्पंजचा ठोकळा फेकतो. मग व्हिडिओ बघितला जातो. दावा खोटा ठरला तर समोरच्याला एक गुण. म्हणजे उगाच ठोकळे फेकणाऱ्यालाही किंमत मोजावी लागते. एवढं करून वाद संपतात का? नाही. २०१६च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये कांस्यपदकाच्या लढतीनंतर मंगोलियाच्या प्रशिक्षकांनी मॅटवरच कपडे उतरवून निषेध केला होता. २००८मध्ये बीजिंगला स्वीडनच्या आरा अब्राहमियानने मिळालेलं कांस्यपदक मॅटवर ठेवलं आणि तो चालता झाला. त्याचं पदक काढून घेतलं गेलं. पण नंतर क्रीडा लवादाने जागतिक संघटनेलाही सुनावलं, की स्पर्धेतच दाद ऐकून घेण्याची सोय असायला हवी. निकाल काही बदलला नाही. मात्र तक्रार ऐकणं ही कृपा नाही, ती जबाबदारी आहे, हे कागदावर आलं.

इथेच कार्टून आपल्याला थोडं फसवतं. मॅकमॅड कितीही कट करो, शेवटी किड मसल कुठूनतरी ताकद आणतो आणि जिंकतो. त्यामुळे पक्षपात ही हीरोच्या वाटेतली अजून एक अडचण होऊन जाते आणि ती पार केली की मोठेपणा मिळतो. आपल्याकडेही असंच सांगतात ना? 'दम असेल तर कुणी अडवू शकत नाही.' ऐकायला भारी वाटतं. पण जिला मॅटवर उतरायलाच मिळालं नाही, तिने दम दाखवायचा कुठे? आणि जी हरली, तिच्यात दम नव्हता असं आपण कुठल्या तोंडाने म्हणायचं?

तुम्ही म्हणाल, आम्ही कुठे पैलवान आहोत? बरोबर. पण युवा महोत्सवात तुमची एकांकिका असते, विभागीय स्पर्धेत तुमची कबड्डीची टीम असते, कॉलेजच्या कमिटीवर तुम्ही स्वतः असता. पुढच्या वेळी निकाल लागल्यावर परीक्षकाला शिव्या घालण्यापेक्षा निकालाच्या आधी तीन गोष्टी विचारा. निवड कुणी केली आणि कशावर केली? नियम सगळ्यांना एकाच वेळी, लेखी मिळाले का? आणि निर्णय पटला नाही तर अर्ज कुणाकडे द्यायचा? हे प्रश्न तुमची टीम जिंकणार असं दिसत असतानाही विचारा. किंबहुना तेव्हाच विचारा, कारण हरल्यावर विचारलेल्या प्रश्नाला लोक रडीचा डाव म्हणतात.

आणि कमिटीत तुम्ही खुर्चीच्या बाजूला असाल, तर काम अजून सोपं आहे. ज्या गटात तुमचा मित्र किंवा तुमचा क्लास असेल, त्या गटाची निवड दुसऱ्याकडे सोपवा आणि तसं सूचना फलकावर लिहून टाका.