ऊस तोडणाऱ्या बाईची शुगर कोण तपासणार?

पोर आठव्या महिन्यात झालं, उशिरा बसलं, उशिरा बोललं, की आपल्याकडे निकाल तयार असतो : आईनं गोड खाल्लं, नाहीतर गेल्या जन्मीचं पाप! बाबासाहेबांचं नाव घेणाऱ्या घरांतही हा कर्मसिद्धांत बाळंतिणीच्या खाटेशी अजून बसलेला आहे. त्याला आधी बाहेर काढा.

विज्ञान काय सांगतं? मुदतीआधीच्या प्रसूतीची कारणं अनेक, पण गरोदरपणात आटोक्यात नसलेला मधुमेह तो धोका वाढवतो. अशा बाळाची फुप्फुसं उशिरा तयार होतात. जन्मानंतर त्याच्या रक्तातली साखर एकदम खाली येते. वेळेवर उपचार झाले नाहीत तर मेंदूला इजा होऊ शकते. यात पाप कुठे आलं?

चाचणी साधी आहे. 75 ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून द्यायचं, दोन तासांनी रक्त तपासायचं. 140 किंवा जास्त आलं तर उपचार सुरू. उपाशीपोटी असण्याचीही अट नाही. सरकारी नियमानुसार ती पहिल्याच भेटीत आणि पुन्हा 24 ते 28 आठवड्यांत व्हायला हवी.

आता मराठवाड्यातली ऊसतोड कामगार बाई बघा. दसऱ्याला चार महिन्यांची गरोदर असलेली ही बाई सहाव्या-सातव्या महिन्यात कुठे असते? परजिल्ह्यातल्या फडात, डोक्यावर मोळी घेऊन. आशाताई गावात, बाई कोपीवर. दवाखान्यात जावं तर खाडा, आणि खाड्याचा दंड. अख्ख्या राज्याची साखर जिच्या कोयत्यावर, तिच्याच रक्तातली साखर कुणी मोजत नाही!

1928 साली मुंबई कायदे कौन्सिलात बाबासाहेबांनी प्रसूती लाभ विधेयकाची बाजू मांडली. आईची विश्रांती ही राष्ट्राच्या हिताची बाब आहे, तिचा भार सरकारनंही उचलावा, ही त्यांची भूमिका होती. 2017 साली पगारी रजा 26 आठवड्यांची झाली. पण मुकादमाच्या वहीत नाव असलेल्या बाईला त्यातला एक दिवस तरी मिळतो का?

म्हणून मागणी स्पष्ट आहे. चाचणी कोपीवर येऊन करा. गरोदर बाईचा खाडा बंद करा, विश्रांतीचे पैसे द्या. मुदतीआधी जन्मलेल्या प्रत्येक बाळाचे डोळे, कान आणि वाढ तपासत राहा. वेळेवर मदत मिळालेली कितीतरी मुलं बरोबरीला येतात.

बांधवांनो, ही भीक नाही, हक्क आहे. आईला दोष देणं थांबवा, व्यवस्थेला जाब विचारा.

जय भीम!