साठीनंतरची डबलसीट

साठी ओलांडलेली जोडपी सकाळी सहाला घराबाहेर पडतात, ही पुण्याची फार चांगली सवय आहे. तळजाई, वेताळ टेकडी, सारसबाग, विद्यापीठाचे आवार, सगळीकडे ती दिसतात. घरातून निघतात मात्र एकत्र आणि व्यायाम करतात वेगवेगळा. पर्वतीच्या 103 पायऱ्या एकजण झपाझप चढून दर्शन घेऊन येतो. ज्याचे गुडघे धरलेत तो खालीच थांबतो. सपाट रस्त्यावरसुद्धा दोघांत दहा पावलांचे अंतर पडलेले असते. यात माया आटल्याचा प्रश्न नाही. चाळिशीत दोन शरीरांमध्ये जो फरक जाणवतही नाही, तो साठीनंतर भराभर वाढतो. एकाला मधुमेह, दुसऱ्याला संधिवात. एकाची नजर अधू, दुसऱ्याची हाडे ठिसूळ. मग बरोबर फिरायचे तर एकाने स्वतःला आवरायचे किंवा दुसऱ्याने फरफटत जायचे. अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठाच्या संशोधकांनी 72 जोडप्यांच्या चालण्याचा वेग मोजला आणि 2021 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. माणूस एकटा चालतो त्यापेक्षा जोडीदाराबरोबर हळू चालतो आणि हातात हात घेतला की आणखी हळू, असे त्यांना आढळले. सोबत हवी तर व्यायाम कमी आणि व्यायाम हवा तर सोबत कमी, अशी ही अडचण आहे.

या अडचणीवर एक साधे यंत्र गेली शंभराहून अधिक वर्षे उपलब्ध आहे: टँडेम, म्हणजे दोन सीट आणि पेडलच्या दोन जोड्या असलेली लांब सायकल. उतारवयातल्या जोडप्यांनी तिचा गांभीर्याने विचार करावा आणि पुणे शहराने त्यासाठी सोय करावी, असे माझे म्हणणे आहे. टँडेमवर हँडल, ब्रेक आणि बहुधा गिअरही पुढच्याच्या हातात असतात. दोघांची पेडल एका साखळीने जोडलेली असल्यामुळे पाय एकाच गतीने फिरतात, जोर मात्र ज्याचा त्याचा. धडधाकट माणूस दम लागेपर्यंत रेटू शकतो आणि त्याच क्षणी जोडीदार अर्ध्या ताकदीने पाय फिरवत राहू शकतो. दोघांपैकी कोणी पुढे जात नाही, कोणी मागे राहत नाही. दोन माणसांची ताकद एकवटते, पण समोरचा वारा जवळजवळ एकाच माणसाइतका आडवा येतो, म्हणून सपाट रस्त्यावर टँडेम चांगली पळते. चढावर ती जड जाते आणि घाटाच्या उतारावर ब्रेक तापतात, त्यामुळे कात्रज किंवा खंबाटकीची हौस नवशिक्यांनी करू नये. खडकवासल्याच्या दिशेचा किंवा पाषाणकडचा पहाटेचा रस्ता सुरुवातीला पुष्कळ झाला.

असमान क्षमतेची दोन माणसे एका सायकलवर बरोबरीने जाऊ शकतात, हे पुण्याने आधीच दाखवून दिले आहे. दिव्यांशू गणात्रा यांची दृष्टी काचबिंदूमुळे वयाच्या 19 व्या वर्षी गेली. त्यांनी पुण्यात स्थापन केलेल्या ‘ॲडव्हेंचर्स बियाँड बॅरियर्स फाउंडेशन’ने अंध आणि डोळस माणसांना टँडेमवर एकत्र आणले. 2016 मध्ये गणात्रा स्वतः मनालीहून निघून टँडेमवर खारदुंग ला गाठून आले. ही खिंड 17 हजार फुटांहून उंच आहे. पुढे संस्थेने अशा मोहिमा अनेकांसाठी आखल्या. पॅरालिम्पिकमध्ये दृष्टिबाधित खेळाडूंच्या सायकल शर्यती टँडेमवरच होतात. मागे बसलेला अंध खेळाडू तिथे ओझे म्हणून बसलेला नसतो, निम्मे काम तो करतो. मोतीबिंदू, काचबिंदू किंवा मधुमेहामुळे नजर मंदावली म्हणून ज्यांनी सायकल, स्कूटर, अगदी संध्याकाळचे फिरणेही सोडले, अशी माणसे आपल्या प्रत्येक सोसायटीत आहेत. त्यांच्यासाठी यातला अर्थ लडाखच्या उंचीपेक्षा मोठा आहे.

जोडीने व्यायाम केल्याने खरेच काही फरक पडतो का? इंग्लंडमध्ये पन्नाशीपुढच्या नागरिकांचा वर्षानुवर्षे पाठपुरावा करणाऱ्या एका अभ्यासात 3,722 जोडप्यांच्या सवयी तपासल्या गेल्या. त्याचे निष्कर्ष 2015 मध्ये आले. व्यायाम न करणाऱ्या पुरुषांपैकी, ज्यांच्या पत्नीने व्यायाम सुरू केला त्यांच्यातले 67 टक्के स्वतःही हलू लागले; पत्नी बसून राहिली तिथे हे प्रमाण 26 टक्के होते. स्त्रियांच्या बाबतीत हेच आकडे 66 आणि 24 होते. कोपनहेगनमध्ये सुमारे साडेआठ हजार लोकांवर जवळजवळ 25 वर्षे चाललेल्या अभ्यासातून 2018 मध्ये आणखी एक गोष्ट पुढे आली. बैठे आयुष्य जगणाऱ्यांच्या तुलनेत सायकल चालवणाऱ्यांचे आयुर्मान 3.7 वर्षांनी जास्त निघाले, तर बॅडमिंटन खेळणाऱ्यांचे 6.2 आणि टेनिस खेळणाऱ्यांचे 9.7 वर्षांनी. असे अभ्यास कार्यकारणभाव सिद्ध करत नाहीत. टेनिस खेळणारे मुळातच सुखवस्तू असू शकतात. तरीही ज्या खेळात समोर दुसरा माणूस लागतोच, ते वरच्या जागी आहेत ही बाब विचार करायला लावणारी आहे. साधी सायकल एकट्याची असते. टँडेमवर जोडीदाराशिवाय निघताच येत नाही. आज कंटाळा आला असे एकाला वाटले तरी दुसरा वाट पाहतोय म्हणून तो उठतो. नियमितपणाला याहून भक्कम आधार मला दिसत नाही.

पुण्याच्या या पिढीबद्दल आणखी एक गोष्ट सांगायला हवी. आज जे पासष्ट-सत्तरीत आहेत, ते सायकलींच्या पुण्यात वाढले. महापालिकेचा बिल्ला लावलेली सायकल, डायनॅमोचा दिवा, डबलसीट दिसली की चौकातल्या पोलिसाची शिट्टी, हे त्यांचे तारुण्य आहे. मुली साडी सावरत लेडीज सायकलवर शाळा-कॉलेजात जात. 1972 मध्ये फिरोदियांची लुना आली, आकुर्डीहून बजाजची स्कूटर आली आणि सायकल हळूहळू जिन्याखाली गेली. उतारवयात टँडेम घेणारी जोडपी त्यामुळे अगदीच परकी गोष्ट शिकत नाहीत. शरीराला तोल एकेकाळी ठाऊक होता, तो पुन्हा जागवायचा असतो. त्यांच्यातल्या अनेकांची मुले आता कॅलिफोर्नियात किंवा बंगळुरूत आहेत. दिवसभर घरात दोघेच, आणि तरीही दोघांनी मिळून करावे असे काम फारसे उरलेले नसते. औषधांच्या वेळा आणि व्हिडिओ कॉल यांपलीकडचे एखादे सामाईक कौशल्य या वयात मिळणे मला फार मोलाचे वाटते.

आता आक्षेप. सगळ्यांत गंभीर आक्षेप स्त्रियांच्या बाजूने येतो आणि तो टाळून पुढे जाता येणार नाही. जी मुलगी 1975 साली एकटी सायकल मारत कॉलेजात जात होती, तिला आता नवऱ्याच्या मागे, ब्रेक नसलेल्या सीटवर का बसवायचे? दिशा त्याने ठरवायची आणि तिने पाय हलवायचे, हे तर संसारात झालेच आहे. या आक्षेपात तथ्य आहे. जिला स्वतःची सायकल आत्मविश्वासाने चालवता येते, तिने ती जरूर चालवावी. टँडेम हा तिच्यासाठी पर्याय नाही. पण पुढची सीट पुरुषाचीच, असा टँडेमचा नियम नाही. तोल, नजर आणि रस्त्याचा अंदाज ज्याचा चांगला तो पुढे, हा खरा निकष. मागचा माणूस पुढच्यापेक्षा बराच वजनदार असेल तर कमी वेगात सायकल सांभाळणे कठीण जाते, हे खरे. तरी पुष्कळ जोडप्यांत हा फरक तेवढा नसतो. दुसरे असे की टँडेमवर पुढच्याला बोलावेच लागते. खड्डा, गतिरोधक, गिअर, वळण, थांबणे: मागच्याला यातले काहीही दिसत नाही, म्हणून प्रत्येक गोष्ट आधी सांगायची. न सांगता ब्रेक दाबला की मागच्याचा विश्वास उडतो आणि घाबरलेला माणूस पुन्हा बसत नाही. जिथे निर्णय न सांगता घेण्याची सवय मुरली आहे, तिथे ही शिस्त उपयोगाचीच ठरेल. शिकवणाऱ्याने पहिल्याच दिवशी दोघांनाही दोन्ही सीटवर बसवावे. मागे बसून कसे वाटते हे पुढच्याला एकदा कळले की त्याचे चालवणे बदलते.

दुसरा आक्षेप पडण्याचा. या वयात खुब्याचे हाड मोडले तर माणूस कायमचा अंथरुणाला खिळू शकतो, ही भीती रास्त आहे. नेदरलँड्समध्ये, म्हणजे सायकलींच्या माहेरघरी, 2017 साली 206 सायकलस्वार रस्त्यावर मेले. मोटारीतल्या मृतांचा आकडा 201 होता. विजेवरच्या सायकलींवर दगावलेल्यांत पासष्टीपुढचे बहुसंख्य होते. झेपेल त्यापेक्षा जास्त वेग हा धोका आहेच, पण वयस्क माणूस पुष्कळदा पडतो तो चढताना, उतरताना आणि निघताना. टँडेमवर पुढचा दोन्ही पाय जमिनीवर रोवून आणि ब्रेक दाबून उभा राहतो, मागचा निवांत बसतो, मग दोघे निघतात. ज्याचा तोल कच्चा आहे त्याच्यावर या अवघड क्षणांची जबाबदारी येतच नाही. ती सगळी पुढच्यावर येते, आणि वीसेक किलोची सायकल अधिक एक माणूस तोलणे सोपे नाही. म्हणून दोघांचाही तोल गेलेला असेल तर टँडेमचा हट्ट धरू नये, तीनचाकी पाहावी. हाडे ठिसूळ असतील किंवा हृदयाचा त्रास असेल तर आधी डॉक्टर, मग सायकल, हेल्मेट दोघांनाही. शिवाय 65 वर्षांपुढच्यांनी आठवड्यातून किमान तीन दिवस तोलाचे आणि ताकदीचे व्यायाम करावेत, असे जागतिक आरोग्य संघटनेने 2020 मध्ये सुचवले आहे. गुडघ्यावर भार न टाकता हृदय आणि फुप्फुसांना काम देणे सायकलला छान जमते, पण हाडांना लागणारा भार ती देत नाही. त्यामुळे चालणे आणि उभ्याचे व्यायाम सुटता कामा नयेत.

उरला रस्ता. सकाळी दहा वाजता कर्वे रस्त्यावर टँडेम न्यावी असे कोणीही म्हणणार नाही. पण पहाटेचा रस्तासुद्धा आज भरवशाचा नाही, आणि याला जबाबदार शहर आहे. महापालिकेने सर्वंकष सायकल आराखडा 2017 च्या अखेरीस मंजूर केला. प्रत्यक्षात जे सायकल मार्ग आहेत ते मध्येच तुटतात, त्यांच्यावर गाड्या लागतात, वळायला मोठी जागा लागणारी लांब सायकल तर तिथे अडकतेच. त्याच सुमारास भाड्याच्या शेअर सायकली शहरात आल्या आणि दोन-तीन वर्षांत दिसेनाशा झाल्या. रस्त्याकडेला बेवारस ठेवलेली सायकल टिकत नाही, हा त्यातला धडा आहे. टँडेम महाग असते, लिफ्टमध्ये मावत नाही, सोसायटीच्या पार्किंगमध्ये अडचण करते. प्रत्येक जोडप्याने ती विकत घ्यावी अशी अपेक्षा करणेच चुकीचे. ती एका जागी, माणसाच्या देखरेखीखाली, तासावर मिळायला हवी.

रस्ता मोकळा करणे अशक्य आहे असे प्रशासन म्हणू शकत नाही. पादचारी दिनासाठी 11 डिसेंबरला लक्ष्मी रस्ता वाहनांना बंद होतो, हे 2021 पासून आपण पाहतो आहोत. जानेवारी 2026 मध्ये पुणे ग्रँड टूरच्या परदेशी सायकलपटूंसाठी जिल्ह्यातले शेकडो किलोमीटर रस्ते गुळगुळीत झाले आणि शर्यतीच्या वेळी मोकळेही ठेवले गेले. कोलंबियातले बोगोटा शहर 1974 पासून रविवारी सकाळी आपले मोठे रस्ते चालणाऱ्यांसाठी आणि सायकलींसाठी राखून ठेवते; आज ते जाळे शंभर किलोमीटरच्या पुढे गेले आहे. पुण्याकडून एवढे मोठे काही मागायचे नाही. रविवारी पहाटे साडेपाच ते साडेआठ, एक सलग, खड्डे नसलेला, सपाट रस्ता पुरे. तिथे दहा टँडेम, एक-दोन तीनचाकी, लहान-मोठी हेल्मेटे आणि पहिल्या दिवशी सीटची उंची लावून देणारे, बरोबर धावणारे दोन शिकवणारे. रस्ता आणि सायकली महापालिकेने द्याव्यात, नोंदणी प्रभागातल्या ज्येष्ठ नागरिक संघांनी सांभाळावी, शिकवण्याचे काम शहरातल्या सायकल क्लबांनी आणि टँडेमचा अनुभव असलेल्या संस्थांनी घ्यावे. पाऊस ओसरल्यावर, ऑक्टोबरपासून सुरुवात केली तर फेब्रुवारीपर्यंत पाच महिने चांगल्या हवेचे मिळतात. किती जोडपी पुन्हा पुन्हा येतात हे त्यात कळेल आणि पुढच्या वर्षी दुसऱ्या प्रभागात किती सायकली द्यायच्या ते त्यावरून ठरवता येईल.