तुरुंगाची खरी परीक्षा

सॅम्युअल बटलर नांवाच्या इंग्रज ग्रंथकारानें १८७२ सालीं ‘एरेव्हॉन’ नांवाच्या एका कल्पित देशाचें वर्णन प्रसिद्ध केलें. तेथील रीत मोठी विलक्षण! एकास क्षयरोग जडला, तर त्यास न्यायासनापुढें उभें करण्यांत येतें. न्यायाधीश त्याची कडक शब्दांत निर्भर्त्सना करितो व त्यास जन्मभर सक्तमजुरीस पाठवितो. उलट, एका श्रीमंत गृहस्थानें अफरातफर केली, तर आप्तेष्ट हळहळत त्याच्या समाचारास येतात, आणि मनाचे दोष दूर करणारा वैद्य बोलाविला जातो. हा वैद्य नुसतें गोड बोलत नाहीं. दंड, सहा महिने पाव-दुधाचें पथ्य आणि वर्षभर दरमहा फटके, असा त्याचा उपचार! पण सर्वांचा हेतु एकच; मनुष्य बरा व्हावा.

वाचतांना हंसूं येतें. परंतु विचार करूं लागलों म्हणजे तें हंसूं मावळतें. क्षयी मनुष्यास तुरुंगांत घालणें जर वेडेपणाचें, तर ज्याचें मन बिघडलें त्यास केवळ कोंडून ठेविल्यानें तो सुधारेल असें मानणें शहाणपणाचें कसें? माझें नम्र मत असें आहे कीं, तुरुंगाची परीक्षा भिंतींच्या उंचीवरून न करितां, तेथून बाहेर पडणाऱ्या मनुष्यावरून करावी.

हे सारे कादंबरींतले देश, असें कोणी म्हणेल. त्यानें आपल्याच महाराष्ट्रांतील आटपाडीकडे पाहावें. औंध संस्थानचे अधिपति भवानराव पंतप्रतिनिधि यांच्या कारकीर्दींत, १९३९ सालीं, तेथें ‘स्वतंत्रपूर’ नांवाची कैद्यांची वसाहत स्थापन झाली. मूळचे पोलंडचे एंजिनियर मॉरिस फ्रीडमन हे या प्रयोगाचे प्रवर्तक होत. तेथें भोंवतीं उंच भिंत नाहीं, पायांत बेडी नाहीं. कैद्यानें जमीन कसावी, बायकामुलांसह राहावें आणि दिलेला शब्द पाळावा. याच प्रयोगावरून स्फूर्ति घेऊन व्ही. शांताराम यांनीं १९५७ सालीं ‘दो आँखें बारह हाथ’ हा चित्रपट काढिला. आपल्या मराठवाड्यांतही पैठण येथें खुलें कारागृह आहे. बंदिस्त तुरुंगांत ज्यांची वर्तणूक चांगली दिसली, असे कैदी निवडून तेथें शेतीच्या कामास लावितात.

ज्याच्या घरावर दरोडा पडला, ज्याचा मुलगा मारला गेला, त्याच्या दुःखाचें काय, असा प्रश्न कोणी करील. प्रश्न योग्य आहे. शिक्षा नको असें मी म्हणत नाहीं. घातक मनुष्यास आवरून धरणें हें राज्याचें कर्तव्यच आहे. परंतु बहुतेक कैदी एक ना एक दिवस घरीं परतणारच. तो पूर्वीपेक्षां अधिक कडवट होऊन परतावा, यांत त्या दुःखी पित्याचें तरी काय समाधान?

शिवाय, तुरुंगांतला प्रत्येक मनुष्य गुन्हेगार असतो हीही समजूत चुकीची आहे. २०२२ सालअखेर देशांतील ५,७३,२२० बंद्यांपैकीं ४,३४,३०२ जणांचा न्याय अद्यापि व्हावयाचा होता; म्हणजे चारांतील तिघे दोषी ठरलेच नव्हते! त्यांत गरिबांचा भरणा फार. एरेव्हॉनांत आजारपण हा अपराध होता; आपण दारिद्र्यास तर अपराध ठरवीत नाहीं ना? आणि नांदेडच्या विद्यापीठास ज्यांचें नांव आहे, ते स्वामी रामानंद तीर्थ निजामाच्या राज्यांत अनेकदां तुरुंगांत होते, हें आपण कसें विसरावें? ‘कैदी’ या एका शब्दांत मनुष्य सगळा मावत नाहीं.

विद्यार्थिमित्रांनो, तुरुंगाचे नियम बदलणें आज आपल्या हातीं नाहीं. परंतु एक गोष्ट निश्चित आहे. शिक्षा भोगून आलेला मनुष्य लातुराकडील एखाद्या खेड्यांत परत येतो, तेव्हां त्यास कोणी काम देत नाहीं, त्याच्या मुलाशेजारीं वर्गांत कोणी बसत नाहीं. सरकारची शिक्षा संपते. गांवाची संपत नाहीं. त्या मुलाशेजारीं जाऊन बसणें मात्र आपल्या हातीं आहे. स्वतंत्रपूर कोठें वसवावयाचें असेल, तर प्रारंभ त्या बांकावरून करूं या.