कुंडीतले परस

घर आणि माती यांचे नाते फार जुने आहे. महाराष्ट्रातील जुन्या घरांच्या मागे परस असे. न्हाणीघराचे पाणी तेथील केळीला आणि अळूला मिळे. पुढच्या अंगणात तुळशीवृंदावन असे. छत्तीसगडमध्ये घराला लागून असलेल्या अशाच जागेला ‘बारी’ म्हणतात. बारीत वांगी, मिरची, लाल भाजी होते आणि मांडवावर भोपळ्याचा वेल चढतो. परस आणि बारी हे शब्द दोन असले तरी त्यांतील भाव एकच आहे. ही जमीन लहान असते, पण घरातील माणसांचे तिच्यावर रोज लक्ष असते.

दुर्गजवळच्या भिलाईत हे परस अनेकांच्या हातून सुटले. सोव्हिएत संघाशी १९५५ मध्ये झालेल्या करारानुसार तेथे पोलादाचा कारखाना उभा राहिला. त्याच्या पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते झाले. आसपासच्या खेड्यांतून आणि देशाच्या अनेक प्रांतांतून माणसे कामासाठी आली. नागपूरहून येणाऱ्या लोहमार्गावरच दुर्ग असल्याने विदर्भातील मराठी कुटुंबेही तेथे स्थिरावली. ज्यांना तळमजल्याचे घर मिळाले, त्यांना थोडे अंगण लाभले. वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांच्या वाट्याला मात्र केवळ सज्जा आला. परस गेले, तरी हिरव्याची ओढ गेली नाही. ती कुंडीत उतरली. तुळस, मोगरा, शेवंती, जास्वंद, कोरफड आणि कढीपत्ता ही अशा घरांतील आवडती झाडे होत.

मात्र कुंडी म्हणजे केवळ शोभेची वस्तू, असा समज आज बळावला आहे. भिंतीला रंग द्यावा किंवा खिडकीला पडदा लावावा, त्याच वृत्तीने कुंड्या विकत आणल्या जातात. चार दिवस कौतुक होते. पुढे माती कोरडी पडते, पाने गळतात आणि रिकामी कुंडी कोपऱ्यात जाते. हा समज चुकीचा आहे. जमिनीतील झाड आपली मुळे खोल नेऊन पाणी शोधते. कुंडीतील झाडाला तसे करता येत नाही. त्याची सारी सृष्टी त्या वीतभर मातीतच असते. म्हणून कुंडी घरी आणणे म्हणजे एका जिवाची जबाबदारी स्वीकारणे होय.

घरातील झाडे हवा शुद्ध करतात, असेही सांगितले जाते. कारखान्याच्या गावात हे बोलणे सहज पटते. या समजाला अमेरिकेच्या अंतराळ संस्थेने १९८९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासाने बळ मिळाले. परंतु ते प्रयोग बंद पेटीत केलेले होते. राहत्या घरात वारा खेळता असतो. अशा घरात हवेवर जाणवण्याजोगा परिणाम होण्यासाठी दर चौरस मीटरला किमान दहा आणि कदाचित शेकडो झाडे लागतील, असे २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात दाखवण्यात आले. शहराची हवा सुधारायची असेल, तर धुरावर नियंत्रण हवे आणि रस्त्याकडेला मोठे वृक्ष हवेत. ते काम चार कुंड्यांवर सोपवून निश्चिंत राहणे योग्य नाही.

हलगर्जीपणाची किंमत तर याहून मोठी असते. २०१८ च्या पावसाळ्यात दुर्ग-भिलाई परिसरात डेंग्यूची मोठी साथ आली आणि अनेकांचे प्राण गेले. डेंग्यू पसरवणारा डास घाण गटारापेक्षा घरातील स्वच्छ, साचलेले पाणी पसंत करतो. कूलरची टाकी, उघडी पिंपे, कुंडीखालची ताटली आणि मनी प्लांट ठेवलेली बाटली या त्याच्या आवडत्या जागा आहेत. पाण्याच्या कडेला चिकटलेली त्याची अंडी कोरड्यातही कित्येक महिने टिकतात आणि पाणी मिळाले की साधारण आठ-दहा दिवसांत डास तयार होतो. म्हणून ताटलीतील पाणी ओतून देणे पुरेसे नाही. आठवड्यातून एकदा ती घासून कोरडी केली पाहिजे. हे साधे काम ज्या घरात होत नाही, त्या घरातील कुंडी शेजाऱ्यालाही धोक्याची ठरते.

मग कुंड्या ठेवूच नयेत काय? असा निष्कर्ष काढणे म्हणजे विस्तवाच्या भीतीने चूल बंद ठेवण्यासारखे आहे. आवश्यकता आहे ती जाणतेपणाची. छत्तीसगडमधील काळ्या मातीला ‘कन्हार’ म्हणतात. ही माती भातासाठी उत्तम असली, तरी कुंडीत नुसतीच भरली तर ओली असताना चिकट होते आणि वाळल्यावर भेगाळते. तिच्यात शेणखत आणि वाळू मिसळली की मुळांना हवा मिळते. कुंडीच्या तळाला छिद्र हवेच. मातीच्या कुंडीच्या अंगातून पाणी झिरपून उडून जाते. त्यामुळे मुळे थंड राहतात, पण पाणी लवकर द्यावे लागते. मातीत बोट खुपसून ओल पाहावी आणि मगच पाणी द्यावे. मे महिन्याच्या उन्हात सकाळी लवकर पाणी द्यावे आणि कोवळ्या रोपांवर सावली धरावी.

यासाठी पैसाही फारसा लागत नाही. जुनी बादली, तेलाचा डबा किंवा गोणी यांत कोथिंबीर, मेथी, पालक सहज येतात. कोल्हापूरचे गणिताचे प्राध्यापक श्री. अ. दाभोळकर यांनी ‘प्रयोग परिवार’ या नावाने सामान्य माणसांना एकत्र जोडले. पालापाचोळ्यापासून सुपीक माती करून गच्चीवरही पीक घेता येते, हा विचार त्यांनी रुजवला. या शतकाच्या आरंभी तेव्हाच्या मुंबई पोर्ट ट्रस्टच्या उपाहारगृहातील कर्मचाऱ्यांनी स्वयंपाकघरातील साले आणि देठे वाया जाऊ न देता त्यांचे खत केले आणि गच्चीवर फळझाडे व भाज्या फुलवल्या. मुंबईसारख्या दाटीच्या शहरात जे साधले, ते दुर्ग-भिलाईच्या सज्जात का साधू नये?

दिवसभर राबणाऱ्या माणसाला वेळ कोठून मिळणार, असा प्रश्न कोणी विचारील. तो रास्त आहे. म्हणूनच झाडांची संख्या आपल्या सवडीनुसार ठरवावी. ज्याला रोज पाच मिनिटे मिळतात, त्याने दोनच कुंड्या ठेवाव्यात. भाड्याच्या घरात राहणाऱ्याला तर कुंडी विशेष सोयीची आहे, कारण घर बदलले तरी ती बरोबर नेता येते. गाव सोडताना परस मागे राहिले. ही लहानशी बाग मात्र माणसाची सोबत करते.

दहा सुकलेल्या कुंड्यांपेक्षा एक टवटवीत तुळस घराची अधिक शोभा वाढवते. त्या तुळशीला रोज कोणीतरी तांब्याभर पाणी घालते, तिची पिवळी पाने खुडते, तिच्याखालची ताटली कोरडी ठेवते. खरी शोभा या काळजीची आहे. ही काळजी जेथे आहे, तेथे परस अजून जिवंत आहे. मग ते एका कुंडीएवढे का असेना.