कोकणच्या रस्त्याला वाली कोण?

२ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरील ब्रिटिश अमदानीतला दगडी पूल पुरात वाहून गेला. राज्य परिवहनच्या दोन गाड्या व काही खासगी वाहने अंधारात सरळ नदीत कोसळली आणि चाळीसच्या आसपास माणसे प्राणांस मुकली. शेजारीच नवा पूल उभा असताना हा जीर्ण पूल एका दिशेच्या वाहतुकीसाठी वापरात ठेवला गेला होता. त्याच वर्षीच्या मे महिन्यात त्याची सरकारी पाहणी झाली होती आणि त्यास धोका नसल्याचा निर्वाळाही देण्यात आला होता. अपघातानंतर देशभर हाहाकार उडाला, आणि मग त्याच जागी नवा पूल १६५ दिवसांत उभा राहिला. ५ जून २०१७ रोजी त्याचे थाटामाटाने उद्घाटनही झाले.

ह्या १६५ दिवसांच्या शेजारी दुसरा आकडा ठेवून पाहावा. ज्या मुंबई-गोवा महामार्गावर हा पूल आहे, त्याच्या चौपदरीकरणाचे काम २०११ साली पनवेलच्या बाजूने सुरू झाले. २०२५ चा गणेशोत्सव आला तरी ते पुरे झालेले नव्हते. चौदा वर्षांत सरकारे बदलली, मंत्री बदलले, मुदतीमागून मुदती जाहीर झाल्या. उच्च न्यायालयाने वारंवार कान उपटले आणि सरकार पक्षाने वारंवार नवी तारीख सादर केली. दरवर्षी गणपतीच्या तोंडावर खड्ड्यांत खडी आणि पेव्हर ब्लॉक भरायचे, मंत्रिमहोदयांनी पाहणीदौरा काढायचा आणि विसर्जनानंतर सारे विसरून जायचे, हा आता कोकणातला एक वार्षिक विधीच झाला आहे.

सरकारी बाजूकडून दिली जाणारी कारणे ठरलेली आहेत: कोकणातला पाऊस, सह्याद्रीचा कातळ, तुकड्यातुकड्यांची जमीन आणि भूसंपादनाचे दावे. ह्या अडचणी खोट्या आहेत असे कोणी म्हणणार नाही. कर्नाळ्याच्या अभयारण्याचा प्रश्न खरा होता. परशुराम घाटातल्या दरडी आजही खऱ्या आहेत. परंतु ह्याच महामार्गाचा सिंधुदुर्गातील पट्टा कितीतरी आधी पुरा झाला. सिंधुदुर्गात पाऊस कमी पडत नाही आणि तिथला भूसंपादनाचा कायदाही वेगळा नाही. रस्ता अडून राहिला तो रायगड आणि रत्नागिरी जिल्ह्यांत. तेव्हा कारण आभाळात शोधण्याऐवजी कामाच्या रचनेत शोधले पाहिजे.

ही रचना कशी होती? पनवेल ते रायगडमधील इंदापूर हा ८४ किलोमीटरचा टप्पा राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाकडे होता आणि तो 'बांधा, वापरा, हस्तांतरित करा' ह्या तत्त्वावर खासगी कंत्राटदारास दिला गेला. पुढचा इंदापूर ते झाराप हा भाग सार्वजनिक बांधकाम खात्याच्या महामार्ग विभागाकडे, आणि त्याचेही दहा तुकडे. कंत्राटदार आर्थिक अडचणीत आला की काम बंद. फेरनिविदा काढायची तर आणखी वर्ष-दोन वर्षे. प्राधिकरणाने खात्याकडे बोट दाखवावे, खात्याने कंत्राटदाराकडे आणि कंत्राटदाराने महसूल खात्याकडे. १६ ऑक्टोबर २०२३ रोजी चिपळूणला बहादूरशेख नाक्यावरचा उड्डाणपूल बांधता बांधताच कोसळला. पण संपूर्ण रस्त्याचा जाब ज्याला विचारावा असा एकही माणूस ह्या व्यवस्थेत नाही.

अर्थशास्त्राच्या भाषेत सांगायचे तर येथे विलंबाचा खर्च आणि निर्णयाचा अधिकार ह्यांची पूर्ण फारकत झाली आहे. काम लांबले की खर्चवाढ अंदाजपत्रकात बसवता येते; अधिकाऱ्याची बदली होते; मंत्र्याचे खाते बदलते. परंतु एस.टी.त बारा-चौदा तास अवघडून बसलेल्या चाकरमान्याची बुडालेली रोजी, खड्ड्यांतून रुग्णालयात निघालेल्या बाळंतिणीचे हाल, वाहतूककोंडीत सडलेल्या आंब्याच्या पेट्या ह्यांची नोंद कुठल्याच खातेवहीत होत नाही. ज्याला विलंब सोसावा लागतो त्याच्या हाती निर्णय नाही आणि ज्याच्या हाती निर्णय आहे त्याला विलंबाची झळ नाही. सावित्रीचा पूल १६५ दिवसांत झाला, कारण त्या एका प्रसंगी लोकांच्या संतापाची झळ थेट सत्तेच्या खुर्चीपर्यंत पोचली होती.

'सरकारी काम म्हटले की विलंब आलाच', असे म्हणून खासगीकरणाची वकिली करणाऱ्यांना कोकणानेच उत्तर दिलेले आहे. दिव्याहून निघालेली रेल्वे रोह्यापर्यंत यायला १९८६ साल उजाडले, कारण दर अर्थसंकल्पात तिच्या पदरात चार दाणे टाकले जात होते. नाथ पै आणि मधु दंडवते ह्यांनी संसदेत वर्षानुवर्षे हा प्रश्न लावून धरला. पुढे १९९० साली जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री आणि दंडवते अर्थमंत्री असताना कोकण रेल्वे महामंडळ स्थापन झाले. केंद्र आणि चार राज्ये ह्यांचे भांडवल, रोख्यांतून उभारलेला पैसा आणि ई. श्रीधरन ह्यांच्याकडे एकसंध जबाबदारी. सुमारे ७४० किलोमीटर लांबी, दोन हजारांच्या घरात पूल, नव्वदच्या आसपास बोगदे; आणि २६ जानेवारी १९९८ रोजी संपूर्ण मार्गावर गाड्या धावू लागल्या. तोच पाऊस, तोच कातळ, तीच तुकड्यातुकड्यांची जमीन. कंत्राटदार तेथेही होतेच. फरक एवढाच की त्यांच्यावर सार्वजनिक मालक जागा होता. तो मालक निजला की खासगी क्षेत्राची कार्यक्षमता कोणत्या थराला जाते, ते पनवेल-इंदापूरच्या प्रवाशांनी पुरेपूर भोगले आहे.

राज्याजवळ पैसा नव्हता हेही खरे नाही. मुंबई-नागपूर समृद्धी महामार्गाची घोषणा २०१५ ची. त्याचे ७०१ किलोमीटर जून २०२५ मध्ये पुरे झाले. तेथे एकच महामंडळ होते, जमीन थेट खरेदी करण्यात आली आणि सत्तेने प्रतिष्ठा पणाला लावली. भरघोस टोल देणाऱ्या मोटारीसाठी जे साधते, ते लाल गाडीतल्या प्रवाशासाठी का साधू नये?

कारण धोरणाच्या लेखी हा प्रवासी मोजण्याजोगा नाही. गणपतीला कोकणात जाणाऱ्या मोटारींना टोलमाफी मिळते, एस.टी.च्या तिकिटावर मात्र वर्षानुवर्षे १७.५ टक्के प्रवासी कर आकारला गेला आणि जानेवारी २०२५ मध्ये १४.९५ टक्क्यांची भाडेवाढही लादली गेली. त्याच वर्षीच्या गणेशोत्सवात मोटारी रेल्वेवर चढवून कोलाडहून गोव्यातील वेर्ण्याला नेण्याची सोय झाली; भाडे मोटारीमागे ७,८७५ रुपये. रस्ता नादुरुस्त आहे म्हणून मोटार रेल्वेवर, आणि त्या रेल्वेचा रोहा-वीर हा तुकडा सोडला तर बहुतेक मार्ग एकेरी, म्हणून माणसे दाराला लोंबकळत! नियोजनाच्या दिवाळखोरीचा ह्याहून बोलका पुरावा कोणता हवा?

केवळ संताप व्यक्त करून हा प्रश्न सुटणार नाही. महामार्गाच्या उरलेल्या कामासाठी एकच अधिकारी उत्तरदायी धरावा. प्रत्येक टप्प्याचा कंत्राटदार, त्याची मुदत आणि त्याला झालेला दंड ह्यांचा तक्ता त्या त्या तालुक्याच्या एस.टी. स्थानकावर लावला जावा. कोकणातील प्रत्येक जुन्या पुलाच्या तपासणीचा अहवाल मराठीतून ग्रामसभेपुढे यावा. एस.टी.च्या प्रवाशावरचा कर रद्द व्हावा आणि कोकण रेल्वेच्या दुपदरीकरणाला सागरी महामार्गाच्या नव्या घोषणांआधी पैसा मिळावा. ह्या मागण्यांत क्रांतिकारक असे काही नाही. त्या पुऱ्या होत नाहीत ह्यातच आजच्या राजवटीचे खरे रूप दिसते.

कोकण रेल्वे कुणाच्या मेहेरबानीने आली नाही; सभा, ठराव आणि संसदेतील चिकाटी ह्यांच्या जोरावर ती आणावी लागली. तो वारसा सांगणाऱ्या कार्यकर्त्यांनी आता पेण, माणगाव, महाड, खेड, चिपळूण, संगमेश्वर, लांजा येथल्या एस.टी. स्थानकांवर उभे राहून प्रवाशांना संघटित केले पाहिजे. सावित्रीने चाळीस जीव घेतले तेव्हा सरकारला १६५ दिवसांत काम करता येते हे सिद्ध झाले. पुढच्या १६५ दिवसांसाठी आणखी किती बळी द्यायचे, हा प्रश्न सत्ताधाऱ्यांना गावोगावी विचारला गेला पाहिजे.