विलासी सफरी आणि आमचे खलाशी

कोठें पोंचावयाचें नाहीं, पण आगबोटींत बसावयाचें आहे! दोन महायुद्धांच्या दरम्यान पाश्चात्य देशांत हौसेच्या समुद्रसफरींची जी लाट आली, तिचें स्वरूप असें होतें. तिचें मूळ मात्र निव्वळ चैनींत नव्हतें. अमेरिकेनें १९२१ व १९२४ सालीं कायदे करून परदेशांतून वस्तीस येणाऱ्यांची संख्या बांधून टाकिली. १९२९ नंतर मंदी आली. आणि उतारूंवांचून ओस पडलेल्या प्रचंड बोटींस कांहीं तरी काम देणें कंपन्यांस भाग पडलें. सुमारें वीस वर्षें वेगाचा मान मिरविणारी 'मॉरेटानिया' देखील अखेरीस पांढरा रंग देऊन सफरींस जुंपण्यांत आली व १९३५ सालीं मोडींत निघाली.

आमचा संबंध येतो तो पी. अँड ओ. कंपनीच्या 'स्ट्रॅथेर्ड'शीं. विलायतेहून मुंबईवरून ऑस्ट्रेलियास जाणाऱ्या या बोटीनें १९३२ च्या नाताळांत सिडनीहून नॉरफोक बेटाची सफर केली. तिला धुराडीं तीन. पैकीं पहिलें व तिसरें केवळ शोभेचें! उतारूंच्या दृष्टीस काय पडावें, याची एवढी काळजी. दृष्टीस पडूनही जें कोणी पाहिलें नाहीं तें निराळेंच. डेकवर सारंगाच्या हुकमतींत रत्नागिरीकडील मुसलमान खलाशी, भोजनगृहांत गोव्याचे ख्रिस्ती वाढपी, हा या कंपनीचा जुना शिरस्ता. वेतन गोऱ्या खलाशाच्या मानानें फारच थोडें. निजावयास जागाही कमी.

त्या काळच्या जाहिरातींचीं रंगीत चित्रें आज कौतुकानें जपलीं जातात, जपावींतही. पण सफरींचा इतिहास तेवढ्यानें पुरा होत नाहीं, असें आमचें स्पष्ट मत आहे. त्याचें अर्धें दप्तर कोंकणांतील व गोव्यांतील घरांत, जुन्या ट्रंकांच्या तळाशीं पडलें आहे, आणि तें वाळवीच्या स्वाधीन होत आहे. कित्येक घरांतून 'आजोबा बोटीवर वाढपी होते' हें सांगतांना आवाज खालीं येतो. कां यावा? डोलत्या बोटीवर रशाचा थेंब न सांडतां शेंकडों माणसांस जेवूं घालणें ही विद्याच होय. आणि त्याच वेतनांतून मुलांच्या शाळेच्या फिया भरल्या गेल्या आहेत.

पालकांनीं ती ट्रंक एकदां उघडावी. खलाशाच्या पुस्तिकेंत बोटीचें नांव, कामाचा हुद्दा, चढल्या-उतरल्याच्या तारखा व वर्तणुकीचा शेरा असे. विद्यार्थ्यांनीं वडील मंडळींजवळ बसून ती वाचावी, तारखा वहींत उतराव्या, आणि पुढली बोट मिळेपर्यंत आजोबा मुंबईंत कोठें राहत, धोबीतलावला गांवकऱ्यांनीं चालविलेल्या कोणत्या कुडांत, हेंही विचारून ठेवावें. सांगणारीं माणसें आतां थोडीं उरलीं आहेत.